वकिलाने पैसे अडकवले? नागपुरात राहून बार कौन्सिलकडे तक्रार कशी करायची, अगदी पहिल्यापासून

सिव्हिल लाईन्सच्या कोर्टात मोटार अपघात आणि भूसंपादनाच्या केसेस चालवणाऱ्यांना एक प्रश्न कायम ऐकावा लागतो. भाऊ, पैसे तर कोर्टातून निघाले म्हणतात, पण आमच्या हातात काही आलं नाही, वकीलसाहेब फोन उचलत नाहीत, आता जायचं कुठं? मग कोणी सांगतं पोलिसात जा, कोणी सांगतं जजसाहेबांना पत्र लिहा, कोणी म्हणतं ग्राहक मंचात टाका, आणि चहाच्या टपरीवर एक तज्ज्ञ असतोच जो म्हणतो की बार कौन्सिलमध्येही वकीलच बसलेले असतात, काही होत नाही बाप्पा, सोडून द्या. मी स्वतः याच कोर्टात वकिली करतो त्यामुळे काही लोकांना हे लिहिलेलं आवडणार नाही, पण आपल्या धंद्यातल्या चार लोकांमुळे बाकीच्यांकडेही संशयाने बघतात तेव्हा कोणीतरी नीट सांगितलेलं बरं.

हे ज्यांनी आजवर कधी कोर्टाची पायरी स्वतःहून चढली नाही त्यांच्यासाठी आहे, म्हणून सोप्यात सांगतो. बहुतेक तक्रारी पुढे ढेपाळतात त्याचं कारण तिथं वकील बसलेले असतात हे नाही, तक्रार करणाऱ्याने वकिलाला हिशेब लेखी कधी मागितलेलाच नसतो हे आहे. सगळं फोनवर, नाहीतर ऑफिसात जाऊन रडून-भांडून झालेलं असतं, आणि कागद म्हणून दाखवायला काही नसतं.

बार कौन्सिल काय करते आणि काय करत नाही

वकिलाची सनद, म्हणजे वकिली करायचा परवाना, राज्याच्या बार कौन्सिलकडे असते. आपल्याकडे ती बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, ऑफिस मुंबईत फोर्टला, हायकोर्टाच्या एक्सटेन्शन बिल्डिंगमध्ये. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१ चं कलम ३५ तिला वकिलावर शिस्तीची कारवाई करायचे अधिकार देतं. त्यात ती चार गोष्टी करू शकते: तक्रार फेटाळणं, वकिलाला ताकीद देणं, ठराविक काळासाठी सनद निलंबित करणं, नाहीतर नाव कायमचं पटावरून काढून टाकणं.

या चारमध्ये तुमचे पैसे परत मिळवून देणं कुठंच नाही. हे आधीच डोक्यात फिट करून घ्या, नाहीतर दोन वर्षांनी वकिलाला शिक्षा होईल आणि तुम्ही विचाराल की माझ्या पैशाचं काय. पैशाचा रस्ता वेगळा आहे, तो खाली सांगतो, आणि दोन्ही रस्ते एकाच वेळी चालता येतात.

कुठं वेळ घालवू नका

नागपुरात जिल्हा वकील संघ आहे आणि हायकोर्टाची बार असोसिएशन आहे, या दोन्ही संघटना आहेत, सदस्यांच्या. लोकांना वाटतं बार म्हणजे बार, सगळं एकच. तसं नाही. संघाचे अध्यक्ष ओळखीतले असतील तर वकिलाला समजावून सांगतील, कधी कधी तेवढ्यानेही काम होऊन जातं म्हणून जायला हरकत नाही, पण सनदेला हात लावायचा अधिकार त्यांना नाही आणि तिथं दिलेला अर्ज म्हणजे बार कौन्सिलची तक्रार नव्हे.

ग्राहक आयोगाचा रस्ता आता बंद आहे. १४ मे २०२४ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. जुने लेख वाचून कोणी तुम्हाला ग्राहक मंचाचा फॉर्म भरून देत असेल तर त्याला ही तारीख सांगा.

आणि फेसबुकवर वकिलाचा फोटो टाकून चोर-बिर लिहू नका. राग समजतो, पण त्याने तुमच्यावरच बदनामीची नोटीस येते आणि मूळ विषय बाजूला राहतो.

तुमचं प्रकरण नक्की पैशाचंच आहे का

केस हरलो म्हणून तक्रार, हे चालत नाही. वकील तारखेला उभा राहिला नाही, ज्युनियरला पाठवलं, ही दुसरी तक्रार झाली. फी जास्त घेतली हा बहुतेक वेळा फीचा वाद असतो. आपण ज्याबद्दल बोलतोय ते वेगळं आहे, तुमचे किंवा तुमच्यासाठी आलेले पैसे वकिलाच्या हातात पडले आणि त्याने ते दिले नाहीत, कळवलं नाही किंवा हिशेब दिला नाही. साधारण हे प्रकार बघायला मिळतात: कोर्टातून नुकसानभरपाई काढली आणि दिली नाही, समोरच्या पार्टीने तडजोडीचे पैसे वकिलाकडे दिले आणि ते तिथंच राहिले, नाहीतर कोर्ट फी स्टँप म्हणून मोठी रक्कम घेतली आणि दावा दाखलच केला नाही. शेवटचा प्रकार लोकांना छोटा वाटतो, पण एका बँकेने केसेस दाखल करायला खर्चाचे पैसे दिले होते आणि वकिलाने केसेस दाखलच केल्या नाहीत, अशा प्रकरणात वकिलाची सनद गेलेली आहे आणि सुप्रीम कोर्टाने १९९३ ला ते कायम केलंय.

अजून एक. पैसे नेमके कोणाच्या हातात दिले ते आठवा. पुष्कळदा मुन्शीच्या, म्हणजे वकिलाच्या कारकुनाच्या, हातात दिलेले असतात, आणि काही ठिकाणी तर असा माणूस असतो जो वकीलच नाही, काळा कोट घालून फिरतो एवढंच. वकीलपत्रावर, म्हणजे वकील लावताना तुम्ही सही करता त्या कागदावर, सही-शिक्क्याखाली सनद नंबर असतो, एमएएच मग आकडा मग वर्ष अशा धाटणीचा, तो बघा. सनदच नसेल तर बार कौन्सिल काय करणार, ते सरळ पोलिसांचं काम आहे, आणि सनद नसताना वकिली करणाऱ्याला अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

पायरी १: पैसे खरंच निघाले का, ते कोर्टाच्या कागदावरून काढा

वकील म्हणतो अजून निघाले नाहीत, गावातला कोणी म्हणतो निघाले. दोघांवरही विश्वास ठेवू नका. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसचा ओळख क्रमांक, टाकला, तो सोळा अक्षरा-आकड्यांचा असतो, की तारखा आणि ऑर्डर दिसतात. नंबर नसेल तर पक्षकाराच्या नावावरूनही सापडतं, फक्त नावाचं स्पेलिंग दोन-चार प्रकारे टाकून बघावं लागतं कारण कोर्टात टाईप करणाऱ्याने काय टाईप केलंय त्याचा नेम नसतो.

पण अ‍ॅपवर सगळं येत नाही. नक्कल विभागात अर्ज करून तीन गोष्टींच्या सही-शिक्क्याच्या नकला घ्या: रोजनामा (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद), पैसे काढण्याचा अर्ज आणि त्यावरची ऑर्डर, आणि पैसे मिळाल्याबद्दल कोणी सही केली असेल ती पर्सीस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) किंवा पावती. निशाणी नंबर, म्हणजे कोर्टाने त्या कागदाला दिलेला क्रमांक, अर्जात लिहिला तर लवकर मिळतं. नाझर शाखेत, म्हणजे कोर्टाच्या पैशाचा व्यवहार बघणाऱ्या शाखेत, चेक कोणाच्या नावाने निघाला, किती तारखेला, हे रजिस्टरला असतं. तुम्ही स्वतः पक्षकार आहात, नक्कल मागायला तुम्हाला कोणाची परवानगी लागत नाही, वकिलाचीही नाही.

वकीलपत्र नीट वाचा. छापील वकीलपत्रात बारीक अक्षरात एक ओळ असते की आमच्या वतीने रक्कम स्वीकारण्याचा अधिकार वकिलाला दिला आहे. सही करताना कोणी वाचत नाही, मीही माझ्या पक्षकारांना वाचा म्हटलं तर ते म्हणतात तुम्ही वाचलं ना साहेब, झालं. ती ओळ असली म्हणून वकिलाला पैसे ठेवून घ्यायचा अधिकार मिळत नाही, पण पैसे त्याने घेतले हेच बेकायदा होतं असं लिहू नका, घेतले ते अधिकाराने आणि दिले नाहीत, असं लिहा.

भूसंपादनवाल्यांनी एक तपासा. शासन अपिलात गेलं असेल तर रक्कम हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात जमा असू शकते, आणि हमीपत्रावर किंवा जामिनावर काढलेली असू शकते. म्हणजे ती अजून शंभर टक्के तुमची झालेली नाही, पण ती कोणाच्या खात्यात आहे हे विचारायचा तुमचा हक्क तेवढाच आहे.

पायरी २: हिशेब मागा, लेखी

इथं जरा थांबतो, कारण खरं काम इथंच आहे.

बार कौन्सिल ऑफ इंडियाचे, म्हणजे दिल्लीतल्या देशपातळीवरच्या कौन्सिलचे, नियम आहेत, वकिलाने पक्षकाराशी कसं वागायचं त्याचे, आणि त्यातले २५ ते ३१ हे बहुतेक पक्षकाराच्या पैशाबद्दलच आहेत. नियम २५ म्हणतो वकिलाने पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवायचा, किती आले, किती खर्च झाला, फी म्हणून किती वळते केले, तारखेसहित. २६ म्हणतो आलेला पैसा फीसाठी की खर्चासाठी हे नोंदवायचं, आणि केस चालू असताना खर्चाचा पैसा पक्षकाराच्या लेखी संमतीशिवाय फीकडे वळवायचा नाही. २७ म्हणतो पक्षकारासाठी पैसे आले की लवकरात लवकर कळवायचं. ३० म्हणतो पक्षकाराने मागितली तर हिशेबाची प्रत द्यायची, फक्त झेरॉक्सचा खर्च पक्षकाराने द्यायचा. ३१ म्हणतो हातातल्या पैशाचं कर्जात रूपांतर करायचं नाही, म्हणजे "मी वापरून घेतले, व्याजासकट देतो" हे उत्तर म्हणजे स्वतःच्या तोंडाने कबुली आहे.

वकिलाच्या बाजूनेही नियम आहेत ते सांगायलाच पाहिजेत. २८ प्रमाणे केस संपल्यावर उरलेल्या पैशातून ठरलेली फी तो घेऊ शकतो, आणि २९ प्रमाणे फी ठरलेलीच नसेल तर कोर्टाच्या नियमाप्रमाणे होणारी फी कापून बाकी परत द्यायची. म्हणून वकिलाने काही रक्कम ठेवली म्हणजे लगेच चोरी झाली असं नसतं. प्रश्न एवढाच की किती ठेवली, कशाबद्दल, आणि तुम्हाला सांगितलं का. आणि हे फक्त हिशेबातूनच कळतं, म्हणून आधी हिशेब.

समजा कुहीकडचे एक काका आहेत, गोसीखुर्दमध्ये जमीन गेली, वाढीव मोबदल्याचे ९,६०,००० निघाले. वकिलाने ६,००,००० दिले आणि तोंडी सांगितलं की २,४०,००० माझी पंचवीस टक्के फी आणि १,२०,००० खर्चाला लागले. काकांना वाटतं आपल्याला फसवलं पण कुठं फसवलं ते सांगता येत नाही. आता हे दोन भाग वेगळे करा. १,२०,००० चा खर्च दाखवायला कोर्ट फीच्या पावत्या, नकलांचा खर्च, तज्ज्ञाच्या मूल्यांकनाची फी असं काहीतरी पाहिजे, एवढ्या खर्चाच्या पावत्या कुठंतरी असणारच. आणि २,४०,००० चा पाया टक्केवारी आहे, जी नियम २० प्रमाणे घेताच येत नाही. निकालातल्या रकमेत हिस्सा ठरवणं वकिलाला मनाई आहे, तसा करार कोर्टात टिकत नाही. आपल्याकडे अपघात आणि भूसंपादनात टक्केवारी सर्रास चालते, पक्षकारही खूष असतो कारण आधी खिशातून काही द्यावं लागत नाही, पण चालतं म्हणून ते नियमात बसत नाही. तुम्ही स्वतः टक्केवारीच्या कागदावर सही केली असली तरी तक्रारीत ते लपवू नका, उलट तो कागदच जोडा.

पत्र साधं लिहा, वकिली भाषा नको. असं काहीतरी:

"माननीय वकीलसाहेब, अमुक कोर्टातील अमुक केसमध्ये आपण माझे वकील आहात. कोर्टाच्या नोंदीप्रमाणे अमुक तारखेला रु. अमुक आपल्याकडे दिले गेले. त्याबद्दल मला लेखी कळवलेले नाही. या केसमध्ये माझ्याकडून व माझ्यासाठी मिळालेल्या सर्व रकमा, झालेला खर्च आणि कापलेली फी यांचा तारीखवार हिशेब पावत्यांच्या प्रतींसह पंधरा दिवसांत द्यावा व शिल्लक रक्कम माझ्या खाली दिलेल्या बँक खात्यात जमा करावी. प्रतींचा खर्च देण्यास मी तयार आहे."

शेवटचं वाक्य सोडू नका, नियम ३० साठी ते लागतं. धमकी, शिव्या, "तुमची सनद घालवतो", यातलं काही नको. हेच पत्र पुढे बार कौन्सिलच्या समितीसमोर जाणार आहे, तेव्हा ते वाचून तुम्ही शहाणे माणूस वाटले पाहिजेत. जीपीओतून स्पीड पोस्टने पाठवा आणि रजिस्ट्रेशन व पोच-पावतीची सोय जोडून घ्या. जुनं रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टातच मिसळलंय, त्यामुळे काउंटरवर "आरपीएडी" (पोच-पावतीचं रजिस्टर्ड पोस्ट) म्हटलं की गोंधळ होतो. त्याच पत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पण टाका, निळ्या खुणा झाल्या की स्क्रीनशॉट घ्या.

उत्तर आलं तर चांगलंच, पैसे आले तर अजून चांगलं. काहीच आलं नाही तर ते मौनसुद्धा तुमचा पुरावा आहे, कारण हिशेब मागितला आणि दिला नाही हे आता कागदावर आलं.

पायरी ३: फाईल परत घ्या

नवीन वकील लावायचा असेल तर जुन्याकडून एनओसी (ना हरकत) आणि फाईल मागावी लागते, आणि तिथं ऐकू येतं की आधी फी द्या मग फाईल. सुप्रीम कोर्टाने २००० सालच्या आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की फी बाकी आहे म्हणून वकिलाला पक्षकाराची फाईल अडवून ठेवता येत नाही. फीसाठी त्याने हवं तर दावा करावा. फाईलची मागणीही लेखीच करा.

ज्यांना दुसरा वकील परवडत नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, ते कोर्टातच आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. हेल्पलाईन १५१००.

पायरी ४: तक्रार लिहिणे

तक्रार मराठीत चालते. नियमातच आहे की राज्यभाषेत देता येते, आणि प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे गेलं तर भाषांतर राज्याच्या बार कौन्सिलने करायचं. तरी कोर्टाबाहेरचा टायपिस्ट तुम्हाला इंग्रजीचाच आग्रह करेल, त्याच्याकडे इंग्रजी मसुदा तयार असतो म्हणून. आपल्या भाषेत लिहा, आपल्याला कळेल असं.

साध्या पत्रासारखी नको, अर्जाच्या स्वरूपात पाहिजे, सही आणि खाली सत्यापन, म्हणजे "वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे" असं तारीख-ठिकाणासकट, दिवाणी दाव्यात असतं तसं. सोबत नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र जोडलं तर काम पक्कं होतं. ठरलेली फी भरावी लागते, आणि सेट किती लागतील हेसुद्धा आधी ऑफिसला फोन करून विचारा, एखादी प्रत कमी पडली तर अर्ज त्रुटीत पडून राहतो आणि तुम्ही इकडे वाट बघत बसता.

मजकुरात काय असावं? तुमचं नाव-पत्ता, वकिलाचं नाव, पत्ता, सनद नंबर. मग तारखांच्या क्रमाने घटना, एका परिच्छेदात एकच गोष्ट, आणि प्रत्येक गोष्टीपुढे त्याचा कागद कोणता ते. केस कधी लावली, किती पैसे कधी कसे दिले, कोर्टातून किती निघाले, तुम्हाला कधी कळलं, हिशेब कधी मागितला, काय उत्तर आलं. शेवटी नियम २५, २७, ३० वगैरे जे लागू पडतात ते आणि मागणी, की कलम ३५ खाली कारवाई करावी.

वकिलाच्या घरच्या भानगडी, त्याने नवीन गाडी घेतली, त्याची जात, त्याचा पक्ष, हे एक अक्षर लिहू नका. मी अशा तक्रारी पाहिल्यात ज्यात चार पानं संताप आहे आणि रक्कम किती ते कुठंच नाही.

रोख दिलेल्या पैशाचं काय, हा प्रश्न येतोच. पावती नसते, वकील म्हणतो मिळालेच नाहीत. त्या दिवशी बँकेतून काढले असतील तर पासबुकाची नोंद, सोबत कोण होतं त्याचं प्रतिज्ञापत्र, त्यानंतरचा एखादा मेसेज ज्यात "मिळाले" असं लिहिलंय. व्हॉट्सअ‍ॅप आणि कॉल रेकॉर्डिंग द्यायचं असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडायला लागतं, आणि मोबाईल फॉरमॅट मारू नका, विकू नका, मूळ फोन लागू शकतो.

पायरी ५: पाठवल्यावर काय होतं

कौन्सिल आधी प्राथमिक बघते, सहसा वकिलाकडून उत्तर मागवते. तक्रारीत दम आहे असं वाटलं तरच ती शिस्तपालन समितीकडे जाते. हे आपोआप होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने आपल्याच महाराष्ट्र-गोवा कौन्सिलला एका प्रकरणात ५०,००० रुपयांचा भुर्दंड लावला, कारण कारणं न लिहिता तक्रार समितीकडे पाठवली होती आणि तक्रार करणारा त्या वकिलाचा पक्षकारच नव्हता. याचा तुमच्यासाठी अर्थ एवढाच की तक्रारीच्या पहिल्या पानावरच दिसलं पाहिजे की तुम्ही पक्षकार होते, आणि वकीलपत्राची नक्कल पहिलं जोडपत्र म्हणून लावा.

समितीत तिघं असतात, दोन कौन्सिलचे सदस्य आणि एक बाहेरचा वकील. हो, तिन्ही वकीलच. टपरीवरच्या तज्ज्ञाचं तेवढं बरोबर आहे. पण त्यांच्याकडे साक्षीदार बोलावायचे, कागद मागवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत, आणि पैशाच्या प्रकरणात कागद पक्का असेल तर वाचवायला फार जागा उरत नाही. बरंच काम कागद आणि प्रतिज्ञापत्रावर चालतं, गरज वाटली तर उलटतपासणी होते. पुरावा मात्र पक्का लागतो कारण एका माणसाची रोजीरोटी जाणार असते, "मला वाटतं त्याने खाल्ले" एवढ्यावर काही होत नाही.

सुनावणी कुठं आहे ते नोटिशीत असतं. मुंबईला बोलावलं तर विदर्भ एक्सप्रेसने संध्याकाळी किंवा दुरांतोने रात्री निघालं की सकाळी सीएसएमटी, तिथून फोर्ट चालत. तुम्ही वकील देऊ शकता पण स्वतःही जाऊ शकता. पहिल्या तारखेला तरी जा. गैरहजर राहिलात तर समिती तुमच्याशिवायही पुढे जाऊ शकते आणि मग तुमची बाजू मांडायला कोणी नसतं.

कलम ३६ब प्रमाणे तक्रार एका वर्षात निकाली काढायची असते, नाहीतर ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे दिल्लीला जाते. डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने पुन्हा बजावलं की राज्य कौन्सिलांनी वर्ष पाळावं आणि दिल्लीनेही तिथं गेलेल्या तक्रारी वर्षात संपवाव्यात. प्रत्यक्षात लांबतं. तारीख लिहून ठेवा आणि वर्ष उलटलं की कौन्सिलला पत्र टाका की प्रकरण कुठं आहे, नाहीतर तुमची फाईल मुंबईत की दिल्लीत हे कोणालाच सांगता येत नाही.

मधेच तडजोडीचा निरोप येतो

वकिलाला कौन्सिलची नोटीस पोचली की बहुतेक वेळा आठवडाभरात फोन येतो. कधी वकिलाचाच, कधी गावच्या सरपंचाचा, कधी तुमच्याच भाच्याचा ज्याला वकिलाने पकडलंय. "काऊन एवढं ताणता, पैसे घ्या आणि मिटवा." पैसे तुमचेच आहेत, देत असेल तर जरूर घ्या. पण बँकेतून घ्या, आणि जेवढे आले तेवढ्याचीच पावती द्या. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टँपवर सही करू नका, आणि पैसे खात्यात दिसल्याशिवाय "माझी काही तक्रार नाही" असं प्रतिज्ञापत्र तर बिलकुल नको.

हे मनाचं सांगत नाही. उत्तर प्रदेशातल्या बैजू नावाच्या म्हाताऱ्या, निरक्षर पक्षकाराचं प्रकरण आहे. १९८७ मध्ये त्याच्या जमिनीच्या मोबदल्याचे ८,११८ रुपये वकिलाने कोर्टातून काढले आणि दिले नाहीत. तक्रार झाल्यावर वकिलाने म्हटलं फी कापून बाकी दिले, आणि मग बैजूच्या नावाने तडजोडीचं प्रतिज्ञापत्र आलं. बैजूने सांगितलं हे माझं नाहीच, मला एक पैसा मिळालेला नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने तीन वर्षं निलंबन दिलं, वकील अपिलात सुप्रीम कोर्टात गेला, आणि जानेवारी २००२ ला सुप्रीम कोर्टाने उलट शिक्षा वाढवून नावच पटावरून काढलं. पक्षकाराचा पैसा खाणं हे वकिलाच्या गैरवर्तनातलं सगळ्यात गंभीर प्रकारांपैकी एक आहे असं त्यात म्हटलंय. रक्कम आठ हजार होती, लक्षात घ्या.

आणि नियमाप्रमाणे, तुम्ही तक्रार मागे घेतली किंवा तडजोड झाली एवढ्याच कारणावरून चौकशी बंद करता येत नाही. म्हणून वकील जेव्हा म्हणतो "पैसे देतो पण आधी तक्रार मागे घ्या", तेव्हा शांतपणे सांगा की ते आता माझ्या हातात नाही, पैसे द्या, दिले हे मी समितीला सांगतो. शिक्षा ठरवताना त्याचा विचार व्हायचा तो होईल.

पैसे परत मिळवायचे असतील तर

दिवाणी दावा, वसुली आणि हिशेबासाठी. मुदत साधारण तीन वर्षं धरून चाला, आणि बार कौन्सिलचा निकाल लागेपर्यंत थांबू नका, थांबलात तर मुदत निघून जाते. ही चूक फार लोक करतात. पोलिसांकडे विश्वासघाताची तक्रार होऊ शकते, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६, आणि घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुन्या भारतीय दंड विधानाचं (भादंवि) ४०६ किंवा ४०९. ठाण्यात "हा दिवाणी मामला आहे" म्हणून परत पाठवतात, हे होणारच, तेव्हा वरिष्ठांना लेखी पाठवा आणि त्यानेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. तिथंही पहिला प्रश्न तोच येणार, हिशेब मागितला होता का, त्याचं पत्र कुठंय.

ज्यांची केस अजून चालू आहे त्यांनी एवढं करा: रक्कम काढायच्या अर्जात "थेट अर्जदाराच्या बँक खात्यात जमा करावी" अशी विनंती टाकायला सांगा आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत स्वतः जोडा. अपघाताच्या केसेसमध्ये तर सुप्रीम कोर्टाच्याच सूचना आहेत की रक्कम थेट खात्यात जावी. वकिलाने कुरकुर केली तर फी वेगळ्या चेकने देतो म्हणा, चांगल्या वकिलाला त्यात काही वाटत नाही.

निकालानंतर

निकाल विरोधात गेला, किंवा शिक्षा फारच हलकी वाटली, तर बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील करता येतं, निकाल कळल्यापासून ६० दिवस. त्यानंतर सुप्रीम कोर्ट, तिथंही ६० दिवस. दिवस निकाल तुम्हाला कळवल्याच्या तारखेपासून मोजतात, म्हणून टपाल आलं की पाकीट फेकू नका, त्यावरचा शिक्का आणि तारीख निकालाच्या कागदालाच टाचून ठेवा. सनद निलंबित झाली तर त्या काळात तो वकील कुठल्याच कोर्टात उभा राहू शकत नाही, तुमची दुसरी एखादी केस त्याच्याकडेच पडली असेल तर त्याच आठवड्यात नवीन वकीलपत्र दाखल करा, तारीख थांबत नाही.